डाव्या पायाचा बूट

तागुर्नाकचे पुढचे दात हिरडीला टेकले होते. पडले नव्हते, किडलेही नव्हते, झिजले होते. बुटाच्या तळाला लागतं ते दाढीवाल्या सीलचं कातडं वाळलं की फळीसारखं होतं, आणि त्याला वळण द्यायचं तर ते चावूनच द्यावं लागतं. बोलता यायला लागल्यापासून ती ते चावत आली होती. वस्तीत नवी नर्स आली की हिचं तोंड उघडून बघायची आणि हळहळायची. तागुर्नाकला त्या हळहळीचं हसू यायचं. दात काय मिरवायला असतात? तिच्या आईचे तर मरताना दिसतसुद्धा नव्हते.

ही आई, म्हणजे म्हातारी आगियाक, शिवणकामात त्या सगळ्या किनाऱ्यावर एक होती. तिच्या हातचे बूट घालून माणूस दिवसभर पाणथळ बर्फात उभा राहिला तरी आतला मोजा कोरडा. याचं कारण सांगायला सोपं आहे, करायला नाही. सीलचं कातडं शिवताना सुई कधी आरपार न्यायची नसते. कातड्याच्या जाडीतच, निम्म्यावरून तिला मागे फिरवायचं, मग उलट्या बाजूने दुसरी टीप घालायची, तीही निम्म्यावरच. दोरा कॅरिबू हरणाच्या पाठीच्या तातेचा, वाळवलेल्या स्नायूच्या धाग्याचा. पाणी लागलं की तो फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. पण भोकच आरपार पडलं असेल तर तो बिचारा काय करणार?

म्हातारीने लेकीला शिकवलं म्हणजे काय, तर काही सांगितलं नाही. आमच्याकडे शिकताना विचारायची रीत नाही, बघायचं. जोडीतला एक बूट शिकवणारीने शिवायचा, दुसरा शिकणारीने, समोरासमोर बसून. पोरीचा बूट झाला की म्हातारी त्यात फुंकून हवा भरायची, वरचं तोंड पिळून घट्ट धरायची आणि शिवण गालावरून फिरवायची. गालाला कुठे वारं लागलं की संपलं. एक शब्द न बोलता ती आपला उलू, बायकांची ती अर्धगोल सुरी, उचलायची आणि त्याच्या टोकाने अख्खी शिवण उसवायची. मग सुटे तुकडे पोरीच्या पुढ्यात नीट मांडून ठेवायची आणि आपलं काम हातात घ्यायची. पोर रडो, पाय आपटो, बाहेर जाऊन कुत्र्यांपाशी बसो. तुकडे तिथेच असायचे. एकदाच, फार रडली तेव्हा, म्हातारी म्हणाली होती, "उसवलेलं पुन्हा शिवता येतं गं." तेवढंच.

तागुर्नाकच्या पोटात पहिलं पोर असताना म्हातारीने अंथरूण धरलं. जाता जाता म्हणाली, "तुझ्याच पोटी येते. पण या खेपेला मला थंडी वाजू देऊ नकोस हं." आणि ती गेली, आणि बर्फ वितळायच्या आत मुलगी झाली. नवऱ्याची थोरली बहीण मितिक बाळंतपणाला होती. तिने नाळ कापली आणि त्या ओल्या गोळ्याला म्हणाली, "आलात का आगियाकबाई? बसा. प्रवास कसा झाला?"

पोरीचं नाव आगियाकच ठेवलं. नाव आलं की माणूस आलं, यात आमच्याकडे कुणाला शंका नसते. तेव्हा तागुर्नाक आपल्या पोटच्या पोरीला 'आई' म्हणायची, आणि नवरा पाल्लुक, मोठा चेष्टेखोर माणूस, तिला 'सासूबाई' म्हणायचा. पोरीला बोलता यायला लागलं तशी तीही आपला मान ओळखून वागायची.

"सासूबाई, जरा चहा मिळेल का?" तो विचारायचा.

"जावईबापू, हात मोडलेत का?" एवढीशी पोर म्हणायची, आणि पाल्लुक जमिनीवर लोळून हसायचा.

आईला ती हाक मारायची 'लेकी'. अंगरख्याच्या पाठीतल्या पोतडीतून डोकं बाहेर काढून, आईचे केस ओढत, "लेकी, ए लेकी, भूक लागली." तागुर्नाकच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अशा पोरीवर कुणी हात उगारत नाही की आवाज चढवत नाही. आपल्या आईवर कोण ओरडतं?

मग शाळेचं विमान आलं. दर शरद ऋतूत ते पाण्यावर उतरायचं आणि वस्तीतली पोरं गोळा करून दूर न्यायचं, उन्हाळ्यात परत आणून टाकायचं. आगियाकलाही नेलं. दर वर्षी ती परत येई ती थोडी कमीच येई. तिथे तिचं नाव आग्नेस ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात तागुर्नाकने किनाऱ्यावर तिला "आई!" म्हणून मिठी मारली, तर बरोबरच्या पोरी फिसकन हसल्या आणि ही लाल झाली. घरी आल्यावर म्हणाली, "मला सगळ्यांदेखत आई म्हणू नको ना, मम्मी. मी तुझी मुलगी आहे. तिकडे हसतात."

मम्मी. तागुर्नाकने तो शब्द गिळला. पाल्लुकने मात्र आपली सासू सोडली नाही. "तुमचं नाव कोणीही काहीही ठेवो, सासूबाई. जावई मी एकटाच आहे ना?" यावर ती हसली, पण 'जावईबापू' काही म्हणाली नाही. लेकी तर त्या दिवसापासून नाहीच. तागुर्नाक घरात दार लावून तिला आईच म्हणत राहिली आणि वाट बघत राहिली. कधीतरी चुकून ती लेकी म्हणेल, झोपेत म्हणेल, चिडून म्हणेल. माणसाने वाट तरी किती बघावी!

शाळा संपवून आगियाक कायमची परत आली तेव्हा घर लाकडाचं झालं होतं आणि तिला त्या घरात काय करावं ते कळत नव्हतं. सील सोलता येत नव्हता, कातडं खरवडता येत नव्हतं. बोलताना शब्द अडायचे. तिच्या वयाच्या ज्या दोन-तीन पोरी विमानाच्या तावडीतून सुटून वस्तीतच राहिल्या होत्या त्या तोंडावर म्हणायच्या, "आग्नेसबाई, पाहुण्या किती दिवस आहात?" ती थट्टाच होती, पण पोर कोपऱ्यात जाऊन बसायची. आणि एक दिवस, खिडकीत उजेड असताना, ती आईसमोर येऊन बसली. "मम्मी, मला बूट शिवायचेत. बाबांसाठी."

तागुर्नाक बाहेर गेली आणि पडवीत कातडी चाळण्याचं निमित्त करून रडून आली. आई परत आली होती. नावाबरोबर हात येतात, हे तिने जन्मभर ऐकलं होतं. आज ते हात सुई मागत होते.

आधी सरावाला सीलचे हातमोजे झाले. मुलीची पहिली शिवण नाळ कापणारीची असते, तेव्हा ते मितिककडे गेले. मितिकने रीतीप्रमाणे आरडाओरडा केला, मोजे घालून घरभर नाचली, शेजारणींना हाका मारून दाखवले. "बघा गं, माझ्या पोरीने शिवलेत! आता मला मरेस्तोवर थंडी नाही!" आगियाक त्या दिवशी पहिल्यांदा घरच्यासारखी हसली. ती गेल्यावर मितिकने मोजे काढले, उलटे केले आणि भावजयीच्या तोंडापुढे धरले.

"हे बघ."

तागुर्नाकने आधीच बघितलं होतं. टाके देखणे होते, एकासारखा एक. शाळेत मशीनवर आणि हातावर कापड शिवायला शिकवलं होतं, आणि कापडाचा टाका आरपारच असतो. पोरीच्या हाताला तेच वळण पडलं होतं. मोज्याच्या आतल्या अंगाला ठिपक्यांची सुरेख ओळ उमटली होती.

"सुई आरपार जातेय तिची. सांग तिला."

"वन्सं, मोजेच आहेत."

"उद्या बूट असतील. तू नाही सांगणार तर कोण सांगणार? मला रीतीने फक्त नाचायचं असतं, नाव ठेवायचं नसतं. तुझी आई तुझी शिवण टराटरा उसवायची, आठवतंय ना? आम्हाला पलीकडच्या तंबूत तुझं रडणं ऐकू यायचं."

"तेच तर, वन्सं. ती माझी शिवण उसवायची. मी तिची कशी उसवू?"

मितिकने मोजे पुन्हा सुलटे केले आणि म्हणाली, "येईल हळूहळू. आगियाकबाईंचाच हात आहे, विसरला असेल मधल्या काळात," आणि चहा ओतला.

बूट शिवायला घेतले तेव्हा उजवा तागुर्नाककडे होता, डावा आगियाककडे. दोघी जमिनीवर पाय लांब करून समोरासमोर बसायच्या. तागुर्नाक हात मुद्दाम उजेडात धरायची, सुई सावकाश फिरवायची, निम्म्यावर गेली की क्षणभर थांबायची, म्हणजे पोरीला दिसावं. पोर बघायची. पण शाळेत तिला बघायला नव्हे, ऐकायला शिकवलं होतं. कुणीतरी तोंडाने सांगेल याची तिला सवय. इथे कुणी सांगत नव्हतं, म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असा तिने हिशेब केला. आणि आई मनात म्हणत होती, आठवेल. आत्ता आठवेल. या टाक्याला नाही तर पुढच्या.

डावा बूट झाला. तागुर्नाकने तो घेतला, फुंकला, तोंड पिळून शिवण गालावरून नेली. टाचेच्या वर, आतल्या बाजूला, गालाला वारं लागलं. आणखी पुढे गेली. तिथेही.

पोर तोंडाकडे बघत होती. "जमलाय?"

उलू मांडीशी होता. तागुर्नाकचा हात त्याच्याकडे गेलाही. पण समोर आई बसली होती, जिच्या टाक्याला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्याच जागी एक घाबरी पोरगी बसली होती, जी पुन्हा कोपऱ्यात गेली असती तर कदाचित कायमची गेली असती. तिने उलूऐवजी शेजारच्या भांड्यातली सीलची चरबी बोटावर घेतली आणि शिवणीला चोळली. चांगली दाबून, भोकाभोकांत जाईल अशी.

"चरबी कशाला?"

"मऊ राहतं."

खोटं तिच्या तोंडून एवढ्या सहज निघालं की तिलाच नवल वाटलं.

पाल्लुकने बूट चढवले आणि घरात मिरवला. "मेल्यावरही सासूबाईंनी जावयाचे पाय झाकले! आहे का कुणाची अशी सासू?" आणि भाच्याला, मितिकच्या कुपाकला, बरोबर घेऊन तो बर्फाच्या कडेला सील मारायला गेला. घट्ट बर्फ संपून उघडं पाणी सुरू होतं ती जागा. वसंताचे दिवस होते, ऊन लांबलेलं, पण थंडी अजून हाडात शिरणारी.

तिथे भेग पडली. दोघं ज्या बर्फावर उभे होते तो किनाऱ्यापासून सुटला, घसरगाडी आणि तिच्यावरचे सुके बूट, सुके मोजे, सगळं पलीकडे राहिलं. बर्फावर घोट्याएवढं पाणी चढलं. अशा वेळी हालचाल न करता थांबायचं असतं, वारा फिरला की भेग मिटते. वारा फिरायला वेळ लागला. कुपाकने नंतर सांगितलं की पहिल्याच दिवशी मामा म्हणाला होता, "माझ्या डाव्या पायाशी सासूबाई रडतायत वाटतं." हसत म्हणाला होता. कुपाक म्हणाला, बूट काढ, पिळू या. तर म्हणाला, राहू दे, माझ्यात आणि सासूबाईंत तू पडू नकोस. मग वारा उत्तरेचा झाला आणि थंडी कडक पडली, आणि मामा त्या पायाबद्दल बोलायचा थांबला.

भेग मिटली. कुपाकने त्याला गाडीवर घालून घरी आणलं.

बूट तागुर्नाकने काढले. उजवा सरळ निघाला, आतला मोजा कोरडा, पाऊल गरम. डाव्यात मोजा आणि पाऊल एक झालं होतं. तागुर्नाकने ते पाऊल आपल्या उघड्या पोटाशी धरलं, जसं धरायचं असतं तसं, आणि दगड धरल्यासारखं वाटलं तिला. आगियाक दारात उभी होती. "काय झालं? बाबा, काय झालं?"

पाल्लुकने बायकोकडे बघितलं. सगळं ठाऊक असलेल्या माणसाने बघावं तसं. मग पोरीकडे वळून म्हणाला, "काही नाही सासूबाई. भेगेत पाय गेला. वरून पाणी शिरलं. आंधळा झालोय, दुसरं काय."

ती पाणी तापवायला गेली तेव्हा तो बायकोला हळूच म्हणाला, "तिला कळू देऊ नकोस."

"माझ्यामुळे झालंय हे. मला कळलं होतं."

"मलाही कळलं होतं. पहिल्याच दिवशी. मी तरी कुठे काही बोललो?" त्याने हसायचा प्रयत्न केला. "सासूच्या शिवणीला नाव ठेवणारा जावई व्हायचं नव्हतं मला. पोरगी आत्ता कुठे हसायला लागलीय, तागुर्नाक. कळू देऊ नकोस."

पाऊल सुजलं, फोड आले, मग बोटं काळी पडली. नर्स विचारत राहिली, दुखतंय का, दुखतंय का. तो दर वेळी भुवया उंचावून हो म्हणत होता, आमच्याकडे होकाराला तोंड उघडावं लागत नाही, आणि नर्सला वाटलं याला ऐकू येत नाही. विमान आलं. त्याला न्यायला निघाले तेव्हा तो पोरीला म्हणाला, "सासूबाई, घर सांभाळा," आणि ती रडत त्याच्या अंगावरची चादर सारखी करत राहिली.

दक्षिणेतल्या इस्पितळात त्याचं पाऊल कापलं. मग पाय गुडघ्यापासून कापला. मग एक दिवस नर्स दुभाष्याला घेऊन दारात आली आणि दाराबाहेरच थांबली, तेव्हाच तागुर्नाकला कळलं. तिकडेच पुरलं. कुठे पुरलं, माती कशी आहे, वारा कुठल्या बाजूने येतो, कुणी सांगितलं नाही. बायकोला नवऱ्याचं तोंड दिसलं नाही. यावर मी काय लिहू? झाली गोष्ट वाईट झाली.

त्या उन्हाळ्यात कुपाकच दोन्ही घरांना मांस आणून देत होता. मितिकच्या डोळ्यांत पडदा आला होता आणि बोटं वाकडी झाली होती, सुई धरवत नव्हती. तेव्हा कुपाकच्या अंगावरचं शिवणं या घराकडे आलं. वाटणीच ती, मांस त्याचं, टाके यांचे. आगियाक म्हणाली, "त्याचे बूट मी करते. दोन्ही मीच करते. मम्मी, तू बस. तुझे डोळे दमलेत." बाप गेल्यापासून ती दिवसभर शिवतच होती. खाली मान घालून, दोरा दातांत धरून. तिला वाटत होतं, बापाने अखेर घातलेले बूट आपण शिवले होते, तेवढं तरी आपल्या हातून झालं. हे तिने एकदा बोलूनही दाखवलं. तागुर्नाक उठून चुलीकडे गेली.

मितिक आली ती आगियाक पाण्याला गेल्याचं बघूनच.

"कुपाकने मला सगळं सांगितलंय. डाव्या पायाचं."

तागुर्नाकने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.

"मी तुला दोष द्यायला आले नाही. माझा भाऊ गेला, तुझा नवरा गेला, दोघी सारख्याच. पण कुपाक मला एकटा आहे, तागुर्नाक."

"त्यांनी जाताना सांगितलंय, तिला कळू देऊ नको म्हणून."

"मेलेल्याचं ऐकशील की जित्याचं?" मितिकचा आवाज चढला आणि लगेच बसला. "त्याला दुकानातले रबरी बूट घालून पाठवू का? त्यात पाय घामाने भिजतो आणि घामानेच गोठतो. सांग ना. काय करू? तुझी आई असती तर काय केलं असतं तिने?"

"उसवलं असतं."

"मग?"

"मग काय, वन्सं? तीच तर शिवतेय."

मितिक डोळे पुसत गेली. तागुर्नाकला कळत सगळं होतं, पण वळत नव्हतं. एका बाजूला नवऱ्याचा शब्द, दुसऱ्या बाजूला नणंदेचा पोरगा, आणि मध्ये ही, जिला बोलावं तर आई दुखावते आणि न बोलावं तर माणूस मरतो. शेवटी तिने कुपाकलाच गाठलं. "मामी सांगते म्हणून ऐक. नव्या बुटांत पाण्यात जाऊ नकोस." कुपाक म्हणाला, "मामी, पाण्यात न जाता सील मारायचा कसा, तेवढं सांग." तिला तोंड फिरवावं लागलं.

समुद्राच्या कडेला नवा बर्फ धरू लागला आणि कुपाकचे बूट तयार झाले. दुपारची वेळ होती, खिडकीतून आडवा उजेड आत आलेला. आगियाकने जोडी आईपुढे ठेवली. "बघ."

तागुर्नाकने एक उचलला. फुंकला, पिळला, गालाशी नेला. वारं लागलं. ती पुढे सरकत गेली आणि वारं लागत गेलं. टाके आधीपेक्षाही देखणे होते. तिने बूट मांडीवर ठेवला. उलू हाताशी होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि मग तिची बोटं चरबीच्या भांड्यात गेली.

"थांब," आगियाक म्हणाली.

तागुर्नाक थांबली.

"बाबांच्या डाव्या बुटालाही तू चरबी लावलीस. उजव्याला नाही लावलीस. मी तेव्हा विचारलं तर म्हणालीस मऊ राहतं." ती सावकाश, शब्द जुळवत बोलत होती. "उजवा का मऊ राहायला नको होता?"

तागुर्नाकच्या बोटांवर चरबी तशीच होती. आगियाकने तिच्या मांडीवरचा बूट काढून घेतला, तागुर्नाकने फुंकला होता तसाच फुंकला, तोंड पिळलं आणि शिवण स्वतःच्या गालाशी धरली. मग दुसऱ्यांदा धरली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"त्यालाही असंच होतं?"

नवऱ्याने सांगितलं होतं, कळू देऊ नकोस. तागुर्नाकने ओठ घट्ट मिटून घेतले. पण तिच्या भुवया वर गेल्या. तोंड खोटं बोलायला शिकलं होतं, भुवयांना ते जमलं नाही.

"कुठंय तो बूट?"

पडवीत जुन्या कातड्यांच्या तळाशी होता. तागुर्नाकने तो जाळायचा म्हणून बाजूला काढला होता आणि जाळवला नव्हता. आगियाकने तो आणला, उजवाही आणला. डावा वाळून कडक झाला होता, तिने गुडघ्यावर दाबून त्याची शिवण आतून बघितली. आतल्या अंगाला ठिपक्यांची ओळ होती. मग उजवा बघितला. आत काही नव्हतं. नुसतं कातडं, जणू तिथे कधी सुई लागलीच नव्हती.

ती दोन्ही बूट खाली ठेवून बाहेर गेली. टोपी न घालता. तागुर्नाक खिडकीला चिकटून उभी राहिली. पोर किनाऱ्यावर गेली, जिथे नवा पातळ बर्फ पाण्यावर हलत होता, आणि अगदी कडेला जाऊन उभी राहिली. त्या वर्षी वस्तीतली शाळेतून आलेली एक पोर अशीच बर्फावर चालत गेली होती आणि परत आली नव्हती. तागुर्नाकला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू ते सुचेना. आई म्हणू? आग्नेस म्हणू? तिने काचेला कपाळ टेकलं आणि आपल्या मेलेल्या आईला सांगितलं, तू तिच्यात असशील तर तिला मागे फिरव. तुझी शिवण मी नाही उसवली, ते माझं चुकलं. पण तिला मागे फिरव.

उजेड काचेवरून सरकून भिंतीवर गेला. पोर वळली.

आत आली तेव्हा तिचे कान पांढरे पडले होते. तागुर्नाक पुढे झाली तर तिने हाताने थांबवलं. रडली असेल तर तिकडेच रडून आली होती. ती आपल्या जागी बसली, पाय लांब केले, कुपाकचे दोन्ही बूट उचलले आणि तागुर्नाकच्या मांडीवर ठेवले. मग उलू उचलून त्यांच्यावर ठेवला.

"लेकी," ती म्हणाली.

किती वर्षं या शब्दाची वाट बघितली होती, आणि आला तो आज, या पायी.

"लेकी, उसव."

"सगळं?"

"सगळं. दोन्ही. मी सांगतेय ना तुला?"

आईचा शब्द कोण मोडतं? तागुर्नाकने उलूचं टोक पहिल्या टाक्यात घातलं. तिला दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते, पण उसवायला डोळे लागत नाहीत. टाके तुटत गेले. प्रत्येक टाक्याला तिला वाटत होतं, हा मी तेव्हा तोडला असता. हा तेव्हा तोडला असता. समोरची एकटक तिच्या हातांकडे बघत होती, आणि या वेळी खरोखरच बघत होती.

शेवटची शिवण सुटली. तागुर्नाकने तळ वेगळे केले, वरचं कातडं वेगळं केलं, भोकं पडलेल्या कडा बारीक कापून टाकल्या. मग सगळे तुकडे आगियाकच्या पुढ्यात नीट मांडले, आणि आपलं काम हातात घेतलं.